मागून येणाऱ्याचे काय?

हा लेख एका खेळासंबंधी आहे. परंतु त्यात कोण पहिला आला आणि कोण दुसरा, ह्याची हकीकत नाही. त्या खेळातून निघणारा एक प्रश्न आपल्यापुढे मांडायचा आहे. जो स्वतःच्या डोक्याने वाट काढतो आहे त्याच्या मागून, स्वतःचे डोके न चालवता, जाणे हा अपराध आहे काय? आणि असल्यास, पुढे चालणाऱ्याने त्या मागून येणाऱ्याशी कसे वागावे? प्रश्न लहान दिसतो. परंतु ज्याने सारी उमेद वर्गात घालविली आणि शेजारच्याच्या वहीत डोकावणारी मुले वर्षानुवर्षे पाहिली, त्याला तो तितका लहान वाटत नाही.

खेळाचे नाव ओरिएंटीअरिंग. येथे इस्राएलमध्ये त्याला 'नीवूत' म्हणतात, आणि आपल्या नातवंडांपैकी काही जण तो शाळेच्या किंवा क्लबाच्या संघातून खेळतात. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रानात ठिकठिकाणी कापडाच्या तीन बाजूंच्या निशाण्या टांगलेल्या असतात. प्रत्येक बाजू तीस सेंटिमीटर लांब-रुंद, तिरकी दुभागलेली, अर्धी पांढरी व अर्धी नारिंगी. ह्या जागांना कंट्रोल म्हणतात. शर्यत सुरू होण्याच्या क्षणी मुलाच्या हाती नकाशा पडतो. त्यावर कंट्रोलांची वर्तुळे क्रमाने छापलेली असतात. क्रम मोडायचा नाही, मात्र एका कंट्रोलपासून दुसऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. टेकडी चढून सरळ जायचे की पायवाटेने वळसा घालायचा, हा निर्णय धावता धावता घ्यायचा. पूर्वी प्रत्येक कंट्रोलवर चिमटा बांधलेला असे व त्याने कार्डाला भोके पाडीत. हल्ली बोटात अडकविलेली चिप पेटीत घालतात आणि वेळेची नोंद आपोआप होते.

नकाशा एकास दहा हजार किंवा एकास पंधरा हजार ह्या प्रमाणाचा असतो. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवरचे शंभर किंवा दीडशे मीटर. उत्तरेच्या रेषा होकायंत्राच्या उत्तरेप्रमाणेच आखलेल्या असतात, त्यामुळे ह्या देशात खऱ्या उत्तरेत व चुंबकाच्या उत्तरेत जो सुमारे पाच अंशांचा फरक पडतो त्याचा हिशेब मुलांना करावा लागत नाही. एक गंमत आहे. आमच्या शाळेच्या नकाशात हिरवा रंग म्हणजे सखल मैदान, सोपा मुलूख. ह्या नकाशात हिरवा म्हणजे दाट झाडी, जितका गडद तितकी अडचण. आणि धावता येण्यासारखे मोकळे रान चक्क पांढरे. सगळे शिकलेले उलटे करून घ्यावे लागते.

खेळाचा उगम स्कँडिनेव्हियातील सैन्यात आहे. सैन्याबाहेरच्या लोकांसाठी पहिली शर्यत १८९७ साली नॉर्वेमध्ये ओस्लोजवळ झाली. पुढे स्वीडनमध्ये अर्न्स्ट किलांडर नावाच्या सैनिकी अधिकाऱ्याने १९१९ साली स्टॉकहोमजवळ मोठी शर्यत भरविली. तिच्यात दोनशेहून अधिक जण धावले. तरुण मुले नुसत्या धावण्याला कंटाळू लागली होती, तेव्हा पायांबरोबर डोक्यालाही काम द्यावे अशी त्याची कल्पना होती. आंतरराष्ट्रीय संघटना १९६१ साली कोपनहेगन येथे स्थापन झाली आणि पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९६६ साली फिनलंडमध्ये भरली. (येथे पुष्कळ शर्यती शब्बाथच्या दिवशी ठेवतात. ते मला पसंत नाही. परंतु तो वाद वेगळा आहे व त्यावर मी पूर्वी पुष्कळांचे कान किटविले आहेत.)

आता नियमाकडे येऊ. एकेकट्याच्या शर्यतीत मुलांना काही मिनिटांच्या अंतराने सोडतात, आणि प्रत्येकाने आपली वाट आपण शोधली पाहिजे असा दंडक आहे. दुसऱ्याच्या मागे लागून त्याच्या नकाशावाचनाचा फायदा घेणे निषिद्ध आहे. नियम स्पष्ट आहे खरा, पण रानात पंच नसतो. एक मुलगी दोन मिनिटे आधी सुटली. मागून सुटलेला मुलगा पायाने चपळ, त्याने तिला गाठले आणि नकाशा मुठीत चुरगळून तिच्या पाठीवर नजर ठेवून धावू लागला. ती थांबली की तो थांबतो, ती वळली की तो वळतो. शेवटच्या शंभर मीटरांत तिला मागे टाकून तो पुढे जातो. निकालाच्या कागदावर त्याचे नाव वर. ह्यात कोणी काय सिद्ध करणार?

अशाच एका पोराला मी विचारले, तर त्याने मलाच उलट विचारले, "सबा, तिचं काय गेलं? ती जितक्या वेगाने पळणार होती तितक्याच वेगाने पळाली." आता हा मुलगा शाळेत हुशार म्हणून प्रसिद्ध नाही, तथापि त्याने नकळत जे विचारले त्यावर आपल्या हाखामीमनी फार पूर्वी वाद घातला आहे. तालमूदच्या बाबा कामा ह्या भागात प्रकरण असे आहे. एका माणसाचे अंगण रिकामे पडले आहे. तो ते भाड्याने देत नाही. दुसरा मनुष्य त्याच्या नकळत तेथे राहून जातो. राहणाऱ्याचा फायदा झाला, मालकाचे काही गेले नाही. त्याने भाडे द्यावे की नाही? बरीच चर्चा होऊन शेवटी कल असा की देऊ नये. त्या पोराची बाजू येथे भक्कम दिसते. इतकेच नव्हे, तर जो आपले काहीही जात नसताना दुसऱ्याला लाभ होऊ देत नाही त्याच्या स्वभावाला आपले लोक सदोमकरांचा स्वभाव म्हणतात, हेही तो पुढे करू शकला असता. सुदैवाने त्याला ठाऊक नव्हते.

परंतु त्याच चर्चेत एक बारीकशी गोष्ट आहे. राहणाऱ्याच्या चुलीने मालकाच्या भिंती काळवंडल्या असतील, तर मात्र त्याने भाडे भरावे. आणि ते काळेपणापुरते नव्हे, पुरे भाडे. नुकसान थोडके असले तरी 'काहीच गेले नाही' हे म्हणणे संपले. मग रानातल्या शर्यतीत भिंती कोणत्या? मला वाटते, निकालाचा कागद. अंगणात मी राहिलो म्हणून मालकाचे अंगण लहान होत नाही. पण क्रमवारीत मी एक पायरी वर गेलो की कोणीतरी एक पायरी खाली आलाच. ती मुलगी तरी आली, किंवा जो तिसरा मुलगा स्वतःच्या डोक्याने धावून ह्याच्यापेक्षा वीस सेकंद उशिरा पोहोचला तो आला. त्या तिसऱ्याची आठवण कोणालाच राहत नाही. त्याने मागे लागणाऱ्याला पाहिलेले नसते, आपले काय गेले हेही त्याला कधी कळत नाही.

दुसरी गोष्ट माशांची. बाबा बात्रा ह्या भागात म्हटले आहे की एका कोळ्याने मासा हेरला असेल तर दुसऱ्या कोळ्याने आपले जाळे त्यापासून दूर ठेवावे, आणि किती दूर, तर मासा एका दमात जितके पोहेल तितके. आपण कोकणच्या किनाऱ्यावरची माणसे. कोळ्यांचे हे भांडण आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. मासा अजून समुद्रात आहे, कोणाच्याच मालकीचा नाही. तरी हेरणाऱ्याच्या श्रमाला काही किंमत आहे, कारण त्याने कोठे पाहावे हे शोधून काढले. कंट्रोल हा तसाच मासा आहे. तो सर्वांसाठी टांगलेला आहे. पण तो कोणत्या घळीत, कोणत्या दगडी बांधाच्या कोणत्या टोकाला आहे हे शोधण्यातच सारा खेळ आहे. जो मागून आला त्याने कापडी निशाणी चोरली नाही, शोध चोरला.

आणि तिसरे, ज्याला आपण 'गनेवत दाआत' म्हणतो, मनाची चोरी : दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत उत्पन्न करणे. निकालाचा कागद सांगतो की ह्या मुलाने चौदा कंट्रोल शोधले. त्याने चौदा कंट्रोल पाहिले, एवढेच खरे. त्याच्या शिक्षकाला वाटते पोराला नकाशा येतो. पुढच्या वर्षी त्याला अधिक अवघड मार्गावर सोडतात, आणि मग तो खरोखर हरवतो. वर्गात कॉपी करणाऱ्या मुलाचे हेच होते. त्याला वरच्या वर्गात चढविले जाते ही त्याची शिक्षा.

तेव्हा अपराध आहे, असे माझे मत झाले. पण येथेच थांबता येत नाही, कारण मनुष्याला डोळे मिटून धावता येत नाही. पायनच्या रानात दुसऱ्याचा लाल सदरा दिसतोच. कोणी एखाद्या विहिरीकडून परत येताना दिसला की तेथे काहीतरी आहे हे समजतेच. हे पाहणे पाप म्हणावे तर सर्वच पापी. त्यावर मला एक कसोटी सुचली. ती नियमपुस्तकात नाही, मास्तरकीतली आहे. धावता धावता स्वतःला विचारावे : पुढचा मनुष्य ह्या क्षणी नाहीसा झाला, तर मी कोठे आहे हे मला नकाशावर बोट ठेवून दाखविता येईल काय? येत असेल तर तो तुमच्यापुढे चाललेला दिवा आहे, खुशाल पाहा. येत नसेल तर तुम्ही त्याच्या खांद्यावर बसला आहात.

संघटनेने ह्यावर आपल्या परीने उपाय योजले आहेत. सर्वांना एकदम सोडावयाच्या शर्यतीत आणि रिलेमध्ये मार्गाला फाटे ठेवतात. तुमचा पाचवा कंट्रोल आणि शेजारच्याचा पाचवा कंट्रोल दीडशे मीटर अंतरावर असू शकतात. जो डोळे मिटून मागे लागतो तो चुकीच्या निशाणीवर चिप लावतो आणि बाद होतो. काही शर्यतींत मार्ग फुलपाखराच्या पंखांसारखा दोन वळसे घेतो, त्यात कोणाला डावा पंख आधी, कोणाला उजवा, म्हणजे जमाव फुटतो. हा उपाय चांगला आहे. परंतु त्याने नीतीचा प्रश्न सुटत नाही, चोराला कुलूप लागते इतकेच.

येथे एक अडचण नमूद केली पाहिजे. ह्या देशातील मुले एका दुसऱ्याच वातावरणात वाढतात. येथील सैन्यात अधिकाऱ्याने सैनिकांना "आहाराय", म्हणजे माझ्या मागून या, असे म्हणावे हा मोठा आदर्श मानला जातो. सैन्यातही नीवूत शिकवितात. वाट नकाशावरून पाठ करावयाची आणि रात्री नकाशा न उघडता चालावयाचे. तेथे ज्याला वाट कळली त्याच्या मागून सारी तुकडी जाते, आणि मागून जाणे हे कर्तव्य असते. कारण तेथे सर्वांनी पोहोचणे हा हेतू. जो वेगळी वाट काढून एकटा आधी पोहोचला त्याला कोणी शाबासकी देत नाही. तोच नकाशा, तेच होकायंत्र, तेच पाय. पण एकीकडे मागून जाणे हा गुण, दुसरीकडे चोरी. मुलांचा गोंधळ उडाला तर नवल नाही. आणि आपणही विसरू नये, येथे आल्यावर पहिल्या वर्षी आपली मंडळी कशी वागली. हिब्रू येत नव्हते. कुपात होलीमची रांग कोणती, बस कोठली, कागदावर सही कोणत्या ओळीवर, हे सारे पुढच्या माणसाकडे पाहून केले. कोणी त्याला चोरी म्हटले नाही, आणि म्हणता येणारही नव्हते, कारण तेथे क्रमवारी लागत नव्हती. मागून जाण्यात मुळात वाईट काहीच नाही. 'मी मागून आलेलो नाही' असे जेथे आपण कबूल केले आहे, तेथेच ते वाईट होते.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, जी मला अधिक कठीण वाटली. पुढे धावणाऱ्या मुलीला कळले आहे की कोणीतरी शेपटासारखा मागे लागला आहे. तिने काय करावे? थांबून बुटाची नाडी बांधावी आणि त्याला पुढे जाऊ द्यावे, ह्यात कोणाची हरकत नाही. वेग वाढवावा, दाट झाडीतून जावे, हेही ठीक. पण काही मुले निराळी युक्ती करतात. नको असलेल्या दरीत मुद्दाम उतरतात, एखाद्या खडकामागे वाकून कंट्रोल सापडल्याचे सोंग करतात, आणि मागचा तेथे शोधत बसला की निसटतात. हे चालेल काय?

खो-खोत आपण हुलकावणी देतो. हुतूतूत पाय इकडे दाखवून हात तिकडे मारतो. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही. मग येथेच का म्हणावे? फरक असा की खो-खोत प्रतिस्पर्धी हा मनुष्य असतो, आणि मी त्याला फसविणार हे आम्ही दोघांनी मैदानात उतरताना मान्य केलेले असते. नीवूतमध्ये प्रतिस्पर्धी जमीन आहे. मनुष्याला फसविण्याचा करार तेथे झालेलाच नाही. वायिक्रामध्ये आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये अशी आज्ञा आहे, आणि राशींनी तिचा अर्थ असा केला की एखाद्या बाबतीत जो आंधळा आहे त्याला त्याच्या नुकसानीचा सल्ला देऊ नये. त्याशिवाय देवारीमच्या सत्ताविसाव्या अध्यायात शापांची यादी आहे. शेजाऱ्याच्या शेताची सीमाखूण सरकविणाऱ्याला शाप, आणि लगेच त्याच्या खाली, आंधळ्याला वाट चुकविणाऱ्याला शाप. ही दोन्ही शेजारी शेजारी का ठेवली असतील? मला तरी वाटते की दोन्हींत अपराध एकच आहे : ज्या खुणेवर दुसरा विसंबला आहे ती खूण बिघडविणे. (रानातील निशाणी खोडसाळपणे उचलून नेणारे लोकही असतात. त्यांच्यासंबंधी अधिक लिहिण्याची गरज नाही, पहिला शाप त्यांच्यासाठी पुरेसा आहे.)

पण, कोणी म्हणेल, त्या मुलीने सल्ला दिलेलाच नाही. मागच्याने न विचारता घेतला. चोराने खोटे नाणे चोरले तर नाणेवाल्याला दोष कसा? हे म्हणणे मला पटते, पण अर्धेच. जो जाणूनबुजून मागे लागला आहे तो आंधळा नव्हे, त्याने डोळे झाकून घेतले आहेत. त्याला चकविले तर मी रागावणार नाही. मात्र मुलीला पाठीमागे न पाहता कसे कळणार की मागचा लबाड आहे की हरवलेला? बारा वर्षांचे मूल, ज्याला नकाशावर आपण कोठे आहोत हे वीस मिनिटांपूर्वीच कळेनासे झाले आहे, तेही कोणाच्या तरी मागून पळते. ते फायदा घेत नसते. गर्दीत आईचा पदर धरावा तसे ते धरून असते. त्याला खोट्या खडकामागे सोडून जाणे हे दुसऱ्या शापात बसते. म्हणून माझे म्हणणे, सोंग करू नये. थांबावे, पाठीमागे वळून तोंड पाहावे.

तोंड पाहिल्यावर काय होते ते एका मुलीच्या बाबतीत मला जवळून समजले. आमच्या ओळखीच्या कुटुंबातली पंधरा वर्षांची मुलगी. नाव सांगत नाही. शाळांच्या संघांची शर्यत होती. अशा शर्यतींत संघ तीन ते पाच जणांचा असतो आणि त्यांतील पहिल्या तिघांचा निकाल धरतात, अशी रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ही मुलगी संघातली तिसरी, म्हणजे तिची वेळ धरली जाणार हे नक्की. दगडी बांधांच्या एका जुन्या उतारावर तिला दुसऱ्या शाळेचा एक लहान मुलगा भेटला. जखम नाही, रक्त नाही. नुसता एका खरूबाच्या झाडाखाली उभा राहून रडत होता. तिने त्याला विचारले, पुढे जायचे आहे की रस्त्यावर जायचे आहे? तो म्हणाला, रस्त्यावर. तिने त्याला रस्त्यापर्यंत नेले, तेथे उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या स्वाधीन केले, आणि परत येऊन आपली शर्यत पुरी केली. सात-आठ मिनिटे गेली. संघाचे तिसरे स्थान हुकले.

सोबतच्या मुली रागावल्या. त्यांचे म्हणणे मी नीट ऐकून घेतले, कारण ते मूर्खपणाचे नव्हते. त्या म्हणाल्या, ती एकटी धावत असती तर तिने अर्धा तास घालविला असता तरी आम्ही काही बोललो नसतो. पण ती वेळ आमची होती. वर्षभर पहाटे उठून आम्हीही धावलो. आमच्या खिशातले पैसे तिने दान केले.

नियम काय सांगतो? जखमी स्पर्धकाला मदत करणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे. त्यापुढे शर्यत नाही. ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २००९ सालचे. हंगेरीत मिश्कोल्त्स येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील पुरुषांच्या रिलेत, शेवटच्या टप्प्यात, स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत लाकडाची काटकी खोल घुसली. फ्रान्सचा तिएरी जॉर्जू, नॉर्वेचा आंदेर्स नुर्डबर्ग आणि चेक देशाचा मिखाल स्मोला हे तिघे पदकासाठी धावत होते. तिघेही थांबले. पदके दुसऱ्यांना मिळाली. सुवर्णपदक स्वित्झर्लंडला गेले. लक्षात घ्या, ती रिले होती. त्या तिघांनीही आपापल्या दोन-दोन सोबत्यांची मेहनत त्या रानात ठेवून दिली, आणि सोबत्यांना विचारायला वेळ नव्हता.

"पण तेथे रक्त होते," मुली म्हणाल्या. बरोबर. हिच्या बाबतीत नव्हते. भीती ही जखम आहे काय? नियम म्हणेल, नाही. परंतु जूनमधल्या उन्हात, पाणी जवळ आहे की नाही हे ठाऊक नसलेल्या मुलाजवळून पुढे जाताना पंधरा वर्षांच्या मुलीने वैद्य व्हावे अशी अपेक्षा कशी करणार? जिवाच्या बाबतीत शंका आली तर ती शंका खरी धरून चालावे, असा आपला जुना निवाडा आहे, आणि त्यासाठी शब्बाथसुद्धा बाजूला ठेवतात. सान्हेद्रीनमध्ये आणखी एक विचार आहे. हरवलेली वस्तू मालकाला परत करावी ही तोरातील आज्ञा हाखामीम माणसालाही लावतात : ज्याचा जीवच हरवत चालला आहे त्याचा जीव त्याला परत करावा. हरवलेली शाल परत करायची आणि हरवलेला मुलगा झाडाखाली ठेवायचा, हे जमत नाही.

मात्र त्याच विषयात उलट बाजूही सांगितलेली आहे, ती लपविणे बरे नव्हे. आपली वस्तू आणि दुसऱ्याची वस्तू एकदम हरवली असेल तर आपली आधी शोधावी; इतकी की बापाच्या आणि गुरूच्या वस्तूच्याही आधी. म्हणजे स्वतःचे नुकसान करून घेऊन धावत सुटणे कोणी मागितलेले नाही. पण लगेच इशारा आहे की जो ह्या सवलतीवर नेहमीच बोट ठेवून वागेल त्याच्यावर पुढे दारिद्र्य येईल. ही जोडी मला फार शहाणपणाची वाटते. सवलत आहे, पण ती सवय होऊ देऊ नये.

आता 'आमची वेळ' ह्या म्हणण्याचे काय? मी त्या मुलींना एक गोष्ट विचारली. तुम्ही संघ केला तेव्हा हिच्याकडून काय घेण्याचे ठरले होते? तिचे पाय, तिचे नकाशावाचन, तिचा सराव. हे सारे तिने दिले. रडणारे मूल ओलांडून जाण्याची कबुली तुम्ही तिच्याकडून घेतली होती काय? आणि घेतली असतीत तर तिने दिली असती काय? त्यावर एक म्हणाली की असल्या गोष्टी कोणी आधी विचारतच नाही. तेच तर म्हणतो. ऑस्ट्रेलियात निघालेल्या रोगेन नावाच्या खेळात हे आधीच ठरलेले असते. चोवीस तासांपर्यंत चालणारी ती शर्यत. संघाने सतत एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहावे लागते, कोणी पुढे निघून जाऊ शकत नाही, आणि म्हणून सारा संघ त्यातल्या सर्वांत मंद माणसाच्या पावलांनी चालतो. त्या खेळात थांबल्याबद्दल भांडण होत नाही, कारण थांबणे हे करारातच आहे. शाळेच्या शर्यतीत एकेकटे धावायचे आणि हिशेब मात्र एकत्र, तेव्हा अशी भांडणे होणारच.

ह्या प्रकरणातली एक गोष्ट मला उशिरा ध्यानात आली, आणि ती त्या मुलीनेच दाखविली. तिला कोणीतरी म्हणाले होते की सात मिनिटे कशाला घालविलीस, नकाशावर बोट ठेवून "तू येथे आहेस" एवढे सांगून पुढे गेली असतीस तर पाच सेकंद लागले असते. ती म्हणाली, तसे केले असते तर ती लबाडी झाली असती. तो अजून शर्यतीत होता. त्याला जागा सांगणे म्हणजे त्याच्या गटातल्या, स्वतः शोधणाऱ्या मुलांवर अन्याय. मी त्याला आधी विचारले की तुला धावायचे आहे की नाही. तो नाही म्हणाला, तेव्हा तो शर्यतीतून बाहेर झाला, आणि मग मी त्याला कितीही मदत केली तरी त्यात कोणाचे काही गेले नाही. गेले ते माझे. मग थोडी थांबून म्हणाली, आणि ह्यांचे. ज्याला मी मासा, अंगण आणि भिंती ह्यांच्या आधाराने तीन पाने घालविली, ते ह्या पोरीने रानात उभ्या उभ्या ठरविले होते. थोडक्यात उरकलेली मदत नियम मोडणारी होती, आणि लांबलेली मदत स्वच्छ.

मी तिला पुढचा प्रश्न विचारला, तो मास्तरांना विचारावाच लागतो. समज, तो मुलगा रस्त्यावर जायला तयार नसता, "मला पुढे जायचे आहे" म्हणाला असता आणि तरी रडत असता, तर? ह्यावर तिने लगेच उत्तर दिले नाही. तिच्या सोबतिणी मध्ये पडल्या. एक म्हणाली, मग निघून जायचे, त्याने निवड केली. दुसरी म्हणाली, बारा वर्षांच्या मुलाची निवड कसली? तिसरीने सांगितले की शिट्टी प्रत्येकाकडे असते, त्याला शिट्टी वाजवायला सांगून जायचे. बराच वेळ त्यांचे चालले होते, अर्धे मराठीत आणि बरेचसे हिब्रूत, आणि कोणाचे तिसरे स्थान गेले ह्याचा विषय त्यात निघाला नाही.